ग्लायडिंगचे धडे किती दिवसांनी घ्यावेत? एका साध्या प्रश्नाचा इतिहास

या टिपणात आपण एका अगदी व्यवहारी प्रश्नाचा इतिहास पाहणार आहोत. नव्याने ग्लायडर चालवायला शिकणाऱ्याने धडे किती वेळा घ्यावेत: रोज, आठवड्यातून एकदा, की महिन्यातून एकदा? हा प्रश्न प्रशिक्षकाला विचारायचा, इतिहासाच्या वर्गात तो कशाला, असे तुम्हाला वाटेल. पण गेल्या सव्वाशे वर्षांत या प्रश्नाची उत्तरे बदलत गेली, आणि ती बदलण्याची कारणे शिक्षणशास्त्राच्या पुस्तकात क्वचितच सापडतात. ती सापडतात वाऱ्यात, दोरात, एका शांतता तहात आणि सरकारी खात्यांच्या निर्णयांत.

तुम्ही देशात कुठेही राहत असाल. समजण्यासाठी आपण एक ठिकाण धरू: बंगळूरचे चिकपेट. कन्नडमध्ये 'चिक्क' म्हणजे लहान आणि 'पेटे' म्हणजे बाजारपेठ. केंपेगौडाने १५३७ मध्ये वसवलेल्या जुन्या शहराचा हा भाग. कापडाची आणि रेशमी साड्यांची दुकाने, अरुंद गल्ल्या आणि जवळच अॅव्हेन्यू रोडवर जुन्या पाठ्यपुस्तकांचे ढीग. पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणारी घरेही या पेठांमध्ये आहेत. इथून पूर्वेला दहा-बारा किलोमीटरवर हिंदुस्थान एअरोनॉटिक्सचा कारखाना आहे, आणि भारतीय माणसाने आखलेले पहिल्या काळातले एक ग्लायडर तिथेच तयार झाले. तरीही आज चिकपेटमधल्या एखाद्या विद्यार्थिनीने 'मला ग्लायडर शिकायचे आहे' असे ठरवले, तर तिला पुण्याचा विचार करावा लागतो. अंतर सुमारे साडेआठशे किलोमीटर. तिच्यासाठी 'किती वेळा' हा प्रश्न निव्वळ कुतूहलाचा नाही. सुट्ट्या, घरचे पैसे आणि जिवाची सुरक्षितता या तिन्ही गोष्टी त्याच्या उत्तरावर अवलंबून आहेत.

आधी एक गोष्ट स्पष्ट करून घेऊ. ग्लायडर म्हणजे इंजिन नसलेले विमान. जमिनीवरच्या विंचने, म्हणजे मोठ्या रिळावर गुंडाळल्या जाणाऱ्या दोराने, किंवा दुसऱ्या विमानाने ओढून ते वर नेतात आणि दोर सोडतात. त्यानंतर ते सतत खाली घसरत असते. तापलेल्या जमिनीवरून वर चढणारी हवा, म्हणजे थर्मल, सापडली तर ते उंची मिळवते. नाही सापडली तर विंचने सोडलेले उड्डाण पाचेक मिनिटांत संपते. इंजिनाच्या विमानात विद्यार्थी तासाभरात सहा-सात वेळा उतरण्याचा सराव करू शकतो. ग्लायडरमध्ये एका उड्डाणाला एकच उतरणे, आणि चुकले तर पुन्हा वर जायची सोय नाही. आपला सगळा प्रश्न या एका मर्यादेतून निघतो.

नऊ सेकंदांचा सराव

ओटो लिलिएंटाल या जर्मन अभियंत्याने १८९१ ते १८९६ या काळात टेकड्यांवरून धावत उड्या मारून सुमारे २,००० उड्डाणे केली. बर्लिनजवळ लिश्टरफेल्ड येथे १८९४ मध्ये त्याने यासाठी मातीची एक कृत्रिम टेकडीच उभारली. त्याला शिकवायला कोणी नव्हते, कारण हे काम आधी कोणीच केले नव्हते. ९ ऑगस्ट १८९६ रोजी त्याचे ग्लायडर हवेत थांबल्यासारखे होऊन कोसळले आणि दुसऱ्या दिवशी तो मरण पावला.

त्याच्या कामाचा सगळ्यात मार्मिक हिशेब मांडला तो अमेरिकेच्या विल्बर राइटने, १९०१ मध्ये शिकागोच्या अभियंत्यांपुढे केलेल्या भाषणात. पाच वर्षांत लिलिएंटालने प्रत्यक्ष हवेत घालवलेला वेळ सगळा मिळून सुमारे पाच तास भरतो, असे त्याने दाखवले. तुम्हीच गणित करून पाहा. पाच तास म्हणजे १८,००० सेकंद. त्याला २,००० ने भागले की एका उड्डाणाला सरासरी नऊ सेकंद येतात. विल्बरचा व्यवसाय सायकलींचा होता, म्हणून त्याने उदाहरणही सायकलचेच घेतले. पाच वर्षांत दहा-दहा सेकंदांच्या तुकड्यांत मिळून पाच तास सायकल चालवलेल्या माणसाला कोणी गर्दीच्या रस्त्यावर सोडेल का, असा त्याचा आशय होता. तुम्ही त्या जागी संध्याकाळचा अॅव्हेन्यू रोड ठेवून पाहा.

या भाषणातली खरी गोम लक्षात घ्या. लिलिएंटालने सराव कमी केला असे विल्बरचे म्हणणे नव्हते. दोन हजार ही संख्या मोठीच आहे. पण प्रत्येक तुकडा इतका लहान होता की हात एखादी गोष्ट शिकायला लागतो न लागतो तोच पाय जमिनीला टेकत. या इतिहासातला पहिला धडा हा आहे की 'किती वेळा' हा प्रश्न 'प्रत्येक वेळी किती' यापासून तोडता येत नाही.

राइट बंधूंनी सुरुवातच या अडचणीवर उपाय शोधून केली. १९०० मध्ये किटी हॉकच्या वाळूच्या किनाऱ्यावर जाताना त्यांचा बेत असा होता की ग्लायडर पतंगासारखे दोराला बांधून वाऱ्यात तरंगत ठेवायचे आणि त्यावर माणसाने तासन्‌तास सराव करायचा. बेत फसला. ग्लायडरला अपेक्षेइतकी उचल मिळेना, आणि तासांचा सराव शेवटी सुमारे दोन मिनिटांवर आला. सरावाचा वेळ वाढवण्यासाठी इतका विचार करणारी आणि तरी पहिल्या वर्षी लिलिएंटालच्याही मागे राहिलेली ही जोडी, हे मला त्यांच्या चरित्रातले सगळ्यात बोलके चित्र वाटते. नंतरच्या यशाच्या झगमगाटात ते हरवते.

१९०२ मध्ये मात्र चित्र पालटले. सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या अखेरपर्यंत, म्हणजे सुमारे पाच आठवड्यांत, त्यांनी ७०० ते १,००० उड्डाणे केली. त्यातली अडीचशेहून अधिक शेवटी शेवटी अवघ्या दोन दिवसांत झाली. सगळ्यात लांबचे उड्डाण ६२२ फुटांचे होते आणि ते २६ सेकंद चालले. सुरुवातीच्या दिवसांतच, २३ सप्टेंबरला, ऑर्व्हिल पंखांचा तोल सावरण्यात गुंतला असताना ग्लायडरचे नाक वर जात राहिले आणि ते कोसळून मोडले. सुदैवाने तो वाचला. दुरुस्तीला काही दिवस गेले, पण हंगाम चालूच होता. दोष काय होता ते ताजे असतानाच ते पुन्हा टेकडीवर गेले. सुकाणू हलते करण्याची कल्पना याच मुक्कामात पुढे आली. पुढच्या वर्षीच्या इंजिनाच्या विमानाचा पाया या पाच आठवड्यांत घातला गेला. तेवढीच उड्डाणे त्यांनी चार वर्षांत पसरून केली असती, तर काय झाले असते? इतिहासात अशा प्रश्नांना ठाम उत्तर नसते, पण लिलिएंटालची पाच वर्षे आपल्यासमोर आहेत.

दोर ओढणारी माणसे

पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहाने जर्मनीवर लष्करी हवाई दल ठेवण्याची बंदी घातली, आणि विमाने बांधण्यावरही कडक निर्बंध आले. इंजिनाविना उडण्यावर मात्र बंदी नव्हती. १९२० मध्ये ऱ्होन पर्वतभागातल्या वासरकुप्पे या डोंगरावर पहिली ग्लायडर स्पर्धा भरली. दोन वर्षांनी, ऑगस्ट १९२२ मध्ये, आर्थर मार्टेन्स तासाभराहून अधिक हवेत राहिला. सेकंदांत मोजायची गोष्ट तासांत मोजली जाऊ लागली, आणि ग्लायडिंग ही रीतसर शिकण्याची गोष्ट झाली.

तेव्हाची शिकवण्याची रीत आज वाचताना अंगावर काटा येतो. फ्रिट्झ श्टामर आणि अलेक्झांडर लिपिश यांनी १९२६ च्या सुमारास 'त्सोग्लिंग' नावाचे शिकाऊ ग्लायडर आणले. त्सोग्लिंग म्हणजे शिष्य. उघड्या सांगाड्यावर एक आसन, वर पंख, बस्स. शिक्षक जमिनीवर उभा राही. विद्यार्थी पहिल्या दिवसापासून एकटाच बसे. रबरी दोराच्या दोन टोकांना चार-चार जण ओढत टेकडी उतरत, मागे दोन-तीन जण शेपूट धरून ठेवत, आणि सोडताच ग्लायडर बेचकीतल्या दगडासारखे पुढे जाई. आधी नुसते घसरणे, मग माणसाच्या उंचीवरची उडी, मग अर्ध्या मिनिटाचे सरळ उड्डाण, मग वळणे. 'अ', 'ब', 'क' अशी प्रमाणपत्रे या पायऱ्यांवर ठरली होती.

आता या पद्धतीत एका विद्यार्थ्याला दिवसाला किती उड्डाणे मिळतील? दहा-बारा जणांचे पथक, प्रत्येक उडीनंतर ग्लायडर ढकलत पुन्हा वर न्यायचे. दिवसभर राबून तीन-चार मिळाली तरी नशीब. शिवाय ही माणसे जमवायची तर सगळ्यांनी एकाच वेळी मोकळे असायला हवे. त्यामुळे डोंगरावर राहून करायचे दोन-चार आठवड्यांचे सलग वर्ग हीच रूढी पडली. सलग शिकणे चांगले, असे कोणी प्रयोग करून ठरवले नव्हते. दोर ओढायला माणसे हवी होती म्हणून ते सलग झाले. सायलेशियातल्या ग्रुनाऊच्या शाळेत वोल्फ हिर्थच्या हाताखाली हाना राइच अशाच पद्धतीने शिकली. पुढे ती जर्मनीची सर्वांत प्रसिद्ध चाचणी वैमानिक झाली आणि नाझी राजवटीची निष्ठावान सेविकाही. १९३३ नंतर याच शाळांतून पोरांना सैन्यासाठी घडवले गेले, हे विसरून या काळाचे कौतुक करू नये.

या पद्धतीतली एक गोष्ट मात्र आजही टिकून आहे. ज्याची पाळी नाही तो रिकामा बसत नाही. तो दोर जोडतो, पंखाचे टोक धरतो, वेळ नोंदवतो, आणि हे करताना इतरांची उतरणी पाहतो. दिवसाला स्वतःची चार उड्डाणे आणि दुसऱ्यांची चाळीस असा तो धडा असतो. प्रशिक्षणाच्या वेळेचा हिशेब मांडताना तुम्ही ही चाळीस धरली नाहीत, तर हिशेब चुकेल.

गॉटिंगेनहून बंगळूरला

विष्णु माधव घाटगे यांचे नाव मराठी विद्यार्थ्यांना जितके माहीत असायला हवे तितके नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हसूरचंपू गावात १९०८ मध्ये त्यांचा जन्म झाला. गॉटिंगेन येथे लुडविग प्रांटल यांच्याकडे त्यांनी १९३६ मध्ये डॉक्टरेट मिळवली. प्रांटल म्हणजे आधुनिक वायुगतिशास्त्राचे जनक मानले जाणारे शास्त्रज्ञ. पंखाच्या पृष्ठभागालगतच्या हवेच्या पातळ थराचा सिद्धांत त्यांचा. जर्मनीत ग्लायडिंगला भर आलेला असतानाच घाटगे तिथे शिकत होते.

इकडे सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानाच्या भागीदारीत डिसेंबर १९४० मध्ये बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी काढली. घाटगे तिथे रुजू झाले. युरोपात मे १९४० मध्ये जर्मन सैनिकांनी ग्लायडरमधून उतरून बेल्जियमचा एबेन-एमाएल किल्ला घेतला होता, आणि सैनिक वाहून नेणारी ग्लायडरे हा सगळ्याच सेनांच्या आस्थेचा विषय झाला होता. या पार्श्वभूमीवर बंगळूरला 'जी-१' हे दहा आसनी ग्लायडर आखले गेले. ते घाटगे यांचे काम. नमुना एकच झाला. कारखाना लवकरच युद्धकाळातल्या विमान दुरुस्तीच्या कामाला जुंपला गेला आणि ग्लायडर बाजूला पडले. डिसेंबर १९४२ मध्ये भारतीय विज्ञान संस्थेत विमानविद्येचा विभाग सुरू झाला, त्याचे पहिले प्रमुखही घाटगेच. युद्धानंतर त्यांच्या नेतृत्वाखाली आखलेले 'एचटी-२' हे शिकाऊ विमान ऑगस्ट १९५१ मध्ये उडाले आणि वायुदलाच्या कित्येक पिढ्या त्यावर शिकल्या.

इथे तुमच्या मनात प्रश्न यायला हवा. ज्या शहरात ग्लायडर आखले गेले, जिथे विमानविद्येचा विभाग निघाला, तिथे तरुणांनी ग्लायडिंग शिकण्याची परंपरा का रुजली नाही? एक कारण वरच्या परिच्छेदातच आहे: बंगळूरचे ग्लायडर युद्धासाठी होते, शिकण्यासाठी नव्हते. कारखाना असणे आणि क्लब असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वासरकुप्पेवर आधी दोर ओढणारी पोरे जमली, कारखाने नंतर आले. आपल्याकडे क्रम उलटा लागला.

रोहिणीतली दोन आसने

स्वातंत्र्यानंतर ग्लायडिंगची सूत्रे केंद्र सरकारच्या नागरी विमान वाहतूक खात्याकडे आली. १९५० च्या सुमारास पुण्याजवळ हडपसरला सरकारी ग्लायडिंग केंद्र सुरू झाले. तेव्हा भोवती शेती होती. आज शहराने त्याला सर्व बाजूंनी वेढले आहे. दिल्लीत सफदरजंगला खात्याचे तांत्रिक केंद्र होते आणि तिथे एस. रामामृतम यांच्यासारख्या अभियंत्यांनी भारतीय ग्लायडरे आखली. त्यांची नावे पाहा: अश्विनी, भरणी, कार्तिक, रोहिणी, मृगशीर. घरातल्या आजीला विचारलेत तर ती हा क्रम लगेच ओळखेल. कृत्तिकेच्या जागी कार्तिक एवढाच फरक. सरकारी खात्याला नाव ठेवण्याची इतकी रसिकता क्वचितच सुचते.

यातले १९६१ चे 'रोहिणी' आपल्या प्रश्नासाठी महत्त्वाचे. लाकडी बांधणी, उघडी बैठक आणि शेजारी-शेजारी दोन आसने. एकात विद्यार्थी, दुसऱ्यात प्रशिक्षक. देशातल्या ग्लायडिंग क्लबांमध्ये आणि राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई शाखेत ते वापरले गेले. जगभरही दुसऱ्या महायुद्धानंतर दोन आसनी ग्लायडरवर शिकवण्याचीच पद्धत रूढ होत गेली. १९५९ मध्ये हाना राइच भारतात आली आणि तिने पंतप्रधान नेहरूंना दिल्लीवरून ग्लायडरमध्ये फिरवून आणले, ते याच उत्साहाच्या काळात.

दोन आसनांनी 'किती वेळा' या प्रश्नाचे गणितच बदलले. एकआसनी त्सोग्लिंगवर विद्यार्थी महिनाभर खंड पाडून आला, तर तो स्वतःची मान धोक्यात घालत होता. रोहिणीत शेजारी प्रशिक्षक असतो. विद्यार्थी विसरला असेल तर तो सांभाळून घेतो. त्यामुळे आठवड्यातून एकदा, रविवारी सकाळी येऊन शिकणे शक्य झाले. नोकरी सांभाळून, कॉलेज सांभाळून शिकणारा शिकाऊ वैमानिक हा या दुसऱ्या आसनाने निर्माण केलेला माणूस आहे. सुरक्षितता वाढली, पण एक तोटाही शिरला: विसरण्याची किंमत आता जिवाने नाही, तर उड्डाणांनी मोजली जाऊ लागली. खंडानंतरची पहिली दोन उड्डाणे मागचे आठवण्यात जातात, आणि दिवसाला चारच मिळत असतील तर अर्धा दिवस त्यातच संपतो.

पोस्टमन आणि टंकलेखन

यावर मानसशास्त्र काय म्हणते? हेर्मान एबिंगहाउसने १८८५ मध्ये स्वतःवर केलेल्या प्रयोगांत दिसले की निरर्थक अक्षरसमूह पाठ करायला एका दिवशी सलग ६८ आवृत्त्या लागत होत्या. तेच काम तीन दिवसांत विभागून ३८ आवृत्त्यांत होत होते. विभागलेला सराव चांगला, हे तेव्हापासून मान्य आहे. १९७८ मध्ये अॅलन बॅडली आणि लाँगमन यांनी ब्रिटिश टपाल खात्यातल्या पोस्टमनांना टंकलेखन शिकवताना हेच तपासले. दिवसाला एकच तास शिकणाऱ्या गटाला कळफलक आत्मसात करायला सुमारे ३५ तास लागले. दिवसाला दोन-दोन तासांची दोन सत्रे घेणाऱ्यांना सुमारे ५०. गंमत अशी की कमी तासांत शिकलेला गटच सगळ्यात नाखूश होता, कारण त्यांचे दिवस जास्त गेले. आपल्याला कोणती पद्धत आवडते आणि कोणत्या पद्धतीने आपण शिकतो, या दोन गोष्टी जुळतीलच असे नाही.

मग राइट बंधूंचे काय? ते तर दोन दिवसांत अडीचशे उड्डाणे करत होते. इथे घाई करू नका. पोस्टमनांच्या प्रयोगात विभागणी होती ती एका दिवसाच्या अंतराने, एका महिन्याच्या नव्हे. आणि राइटांची अडीचशे उड्डाणे म्हणजे, प्रत्येकी वीस सेकंद धरले तरी, दोघांत मिळून दीड तासही नाही. शिवाय तेव्हा ते तीन हंगामांचे अनुभवी होते. ग्लायडरच्या विद्यार्थ्याला मुळात इतका थोडा हवाई वेळ मिळतो की 'अति सलग' होण्याची भीती त्याला फारशी नसते. त्याची अडचण नेहमी उलट बाजूची असते.

आणखी एक फरक वैमानिकांच्या अभ्यासांतून पुढे आला. १९६२ मध्ये फ्लाइशमन आणि पार्कर यांनी दाखवले की दांडा हलवून लक्ष्यावर राहण्यासारखे अखंड कौशल्य एकदा पक्के झाले की दोन वर्षांच्या खंडानंतरही बरेचसे टिकते. सायकल विसरत नाही, ते याच कारणाने. पण १९७१ च्या एका अभ्यासात चार महिन्यांच्या खंडानंतर उपकरणांच्या आधारे उडणाऱ्यांकडून क्रमवार करायच्या कृती जास्त विसरल्या गेल्या होत्या. ग्लायडरमध्ये या दुसऱ्या जातीच्या गोष्टी पुष्कळ आहेत: उड्डाणापूर्वीची तपासणी, दोर मध्येच तुटला तर करायच्या हालचाली, उतरण्याआधीच्या फेरीत कुठे वळायचे याचा निर्णय. आणि 'एकदा पक्के झाले की' ही अटही नीट वाचा. नवशिक्याचे अजून काहीच पक्के झालेले नसते.

नियम करणाऱ्यांनीही हे अर्धवट ओळखले आहे. अमेरिकेत ग्लायडरच्या खासगी परवान्यासाठी नवख्याला किमान १० तास आणि २० उड्डाणे लागतात. युरोपात १५ तासांचे प्रशिक्षण आणि ४५ उड्डाणे. ही उड्डाणे किती दिवसांत करायची, याबद्दल दोन्हीकडे मौन आहे. पण अमेरिकेत विद्यार्थ्याला एकट्याने उडण्याची प्रशिक्षकाची परवानगी ९० दिवसच चालते, मग ती नव्याने घ्यावी लागते. जर्मन क्लबांनी याहून चांगली युक्ती काढली आणि ब्रिटिश क्लबांनी ती उचलली: भिंतीवर एक तक्ता, त्यात गेल्या काही महिन्यांतले तास आणि उड्डाणे यांवरून तुम्ही हिरव्या, पिवळ्या की लाल पट्ट्यात आहात ते दिसते. त्यात एकूण अनुभवापेक्षा अलीकडच्या सरावाला महत्त्व आहे. हजार तास उडालेला माणूसही लाल पट्ट्यात सापडू शकतो.

चिकपेटमधून पाहताना

आता आपल्या चिकपेटच्या विद्यार्थिनीकडे वळू. जुन्या पेठांमध्ये गरडी, म्हणजे कुस्तीच्या तालमी होत्या; काही अजून आहेत. तिथला नियम साधा: रोज पहाटे मातीत उतरायचे. गाण्याचा रियाज रोज, तालीम रोज. आपल्या संस्कृतीत शिकण्याचा हाच साचा आहे, म्हणून ग्लायडिंगच्या विद्यार्थ्यालाही 'रोज जा' असे सांगावेसे वाटते. पण तालमीची माती गल्लीच्या टोकाला आहे, आणि हडपसरचे मैदान एका रात्रीहून लांब रेल्वेप्रवासावर.

तिच्यापुढे दोन योजना आहेत. पहिली: महिन्यातून एकदा जायचे आणि चार उड्डाणे करायची. वर्षाला ४८ उड्डाणे, पाच मिनिटांची धरली तर चार तास. ही जवळजवळ लिलिएंटालची योजना आहे, फक्त सोबत प्रशिक्षक. त्यातही जून ते सप्टेंबर पावसात मैदान भिजलेले आणि ढग खाली आलेले, म्हणजे प्रत्यक्षात आठच महिने हाती. प्रत्येक खेपेची निम्मी उड्डाणे आठवण्यात गेली, तर शिकण्यासाठी उरली वर्षाला सोळा. दुसरी योजना: एकाच सुट्टीत तीन आठवडे राहायचे, त्यातले पंधरा दिवस उडायचे, दिवसाला चार. साठ उड्डाणे, पाच तास. हवेतला वेळ दोन्हींत फारसा वेगळा नाही, प्रवासखर्च मात्र पहिल्या योजनेत कितीतरी पट. एकट्याने उडण्याआधी पन्नास-साठ विंच उड्डाणे लागणे अगदी सामान्य आहे. त्यामुळे दुसऱ्या योजनेत ती त्या उंबरठ्यापर्यंत पोहोचू शकते. पहिल्या योजनेत वर्ष संपले तरी ती सरळ उतरायलाच शिकत असेल, आणि बहुतेक तोवर सोडून देईल.

म्हणून दूर राहणाऱ्याने सलग वर्ग घ्यावा, असे माझे मत आहे. पुण्यातच राहणाऱ्याने दर आठवड्याला एक दिवस आणि दिवसाला तीन-चार उड्डाणे ठेवली तरी चालेल. शक्य असेल तर सुरुवातीच्या महिन्यात आठवड्याचे दोन दिवस लागून घ्यावेत. पंधरवड्याहून मोठा खंड नवशिक्याने टाळावा. दिवसाला पाच-सहाहून अधिक उड्डाणांचा आग्रहही धरू नये. उन्हात उभे राहून दोर जोडल्यावर दुपारी लक्ष टिकत नाही, आणि पोस्टमनांचा धडा तिथे लागू पडतो. फेब्रुवारी ते एप्रिल हा काळ सोयीचा: सकाळची शांत हवा उतरणे शिकायला, आणि दुपारचे थर्मल तरंगत राहायला. निघण्यापूर्वी केंद्रात त्या काळात प्रशिक्षण चालू आहे का, विंच आणि प्रशिक्षक उपलब्ध आहेत का, हे लेखी विचारून घ्यावे. सरकारी केंद्रात हंगामापेक्षा मंजुरीचे वेळापत्रक कधी कधी जास्त बलवान असते.

सलग वर्गानंतर काय? दोन महिन्यांच्या आत चार दिवसांची दुसरी खेप ठरवूनच परत या. तिकीट आधी काढा. मधल्या काळात चिकपेटच्या गच्चीवर बसूनही काही करता येते. तपासणीचा क्रम मोठ्याने म्हणायचा, उतरण्याच्या फेरीतली वळणे कागदावर काढायची, दोर तुटला तर कोणत्या उंचीवर काय करायचे ते डोळे मिटून तीनदा मनात करायचे. विसरण्याची जास्त शक्यता याच गोष्टींची असते, आणि त्यांना विमान लागत नाही. नोंदवहीत तारखेच्या रकान्याशेजारी, छापलेला नसला तरी, एक रकाना स्वतः आखा: 'मागच्या उड्डाणाला किती दिवस झाले'. परतल्यावर प्रशिक्षक वही मागेल तेव्हा आधी तो दाखवा, आणि तिथला आकडा तीसच्या वर असेल तर पहिली दोन उड्डाणे त्याच्याच हातात सोडा.